तुम्ही विचारलंत म्हणून: तिला जरा उजळ का करत नाही?

‘गोष्ट छान आहे, पण मावशीचा चेहरा नीट दिसत नाही. जरा उजळ का करत नाहीस?’ मी करत असलेल्या व्हिडिओ गेमचा डेमो खेळलेला जवळजवळ प्रत्येक जण त्यातल्या हिरा मावशीबद्दल हे विचारतो. नातेवाईक विचारतात, गेम करणारे मित्रमैत्रिणी विचारतात, आणि पैसे घालू पाहणारे तर सुरुवातच इथून करतात. मी ‘बघते’ म्हणते आणि विषय बदलते. आज नीट सांगते.

चेहरा दिसत नव्हता, ही तक्रार खरी आहे. 26 जुलै 2005 ची रात्र, उपनगरांत वीज नाही, आणि कुर्ल्याच्या बाजारातून खार दांड्याला कमरेएवढ्या पाण्यातून निघालेली कोळीण. उजेड कुठला, तर कुणाच्या तरी नोकिया 1100 ची बॅटरी, खिडक्यांतल्या मेणबत्त्या, अडकून पडलेल्या बेस्टच्या बसचे दिवे. आणि गेम सगळा बोलण्यावर चालतो. हिरा मावशीला समोरच्याचं पटलं नाही तर ती तसं बोलून दाखवत नाही, तिचे ओठ आवळले जातात. ते दिसलंच नाही तर खेळणाऱ्याने पुढे काय म्हणायचं ते ठरवायचं कशावरून? त्यामुळे ‘रात्र आहे, अंधार असणारच’ असं म्हणून मला सुटता येत नव्हतं.

बाकीच्या अडचणी सुटल्या. कॅमेरा जवळ नेला की मावशी अख्खी गायब व्हायची. मॉडेलभोवतीची अदृश्य चौकट कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर गेली की इंजिन, म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, ते मॉडेल रंगवतच नाही. ती चौकट मोठी केली. अंबाड्यातले मागचे केस पुढे दिसायचे, कारण अर्धपारदर्शक थर मागून पुढे अशा क्रमाने रंगवावे लागतात आणि केसांच्या पट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. तिथे अर्धपारदर्शकता सोडून बारीक ठिपक्यांची जाळी वापरली. असल्या गोष्टींची उत्तरं शोधली की सापडतात.

चेहऱ्याचं उत्तर मला सगळ्यांसमोर देण्यात आलं, तेही मी न मागता. अंधेरीत आमच्यासारख्या स्वतंत्रपणे गेम करणाऱ्यांची एक बैठक होती. प्रत्येकाने आपलं काम प्रोजेक्टरवर दाखवायचं होतं. मी आत्याला घेऊन गेले होते, कारण मावशीचा चेहरा तिचा आहे. तिच्या घराच्या ओट्यावर बसवून मी तिचे फोटो काढले होते, कपाळ, गालाचं हाड, हनुवटीवरचं गोंदण, सगळं जवळून. आयुष्यभर उन्हात पाटी घेऊन फिरलेली बाई आहे ती. रंग सावळासुद्धा नाही, काळा आहे, आणि मला तो तसाच हवा होता.

प्रोजेक्टरवर मावशीच्या जागी एक आकार दिसत होता. डोळे आणि नथ, बाकी काही नाही. परीक्षक म्हणून आलेले एक अनुभवी गृहस्थ उठले, ‘एक मिनिट’ म्हणाले, माझ्या हातातून माऊस घेतला आणि त्वचेच्या मूळ रंगाची पट्टी वर सरकवली. थोडी, मग आणखी थोडी. चेहरा दिसू लागला. ओठ आवळलेले कळले, भुवई कळली. मागून कुणीतरी म्हणालं, ‘हां, आता आली.’ टाळ्या पडल्या. त्यांचा हेतू मदतीचाच होता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. मी हसून आभार मानले. पडद्यावर गव्हाळ रंगाची, आत्याच्याच नाकाडोळ्यांची कुणी बाई उभी होती.

परतताना लोकलमध्ये मी धुसफुसत होते. मला वाटलं, आत्यालाही लागलं असेल. ती म्हणाली, ‘तसंच ठेव ना गं. चांगली दिसत होती मी.’

याला काय उत्तर द्यायचं, ते मला त्या गाडीत सुचलं नाही. चेहरा तिचा, इच्छा तिची. आणि मी तिचं ऐकलेलं नाही.

घरी आल्यावर पट्टी मूळ जागी आणली आणि अडचण रंगाची आहे की उजेडाची, ते शोधायला बसले. त्वचेवर पडलेला उजेड दोन वाटांनी परततो. थोडा पृष्ठभागावरूनच चमक होऊन येतो. बाकीचा आत शिरतो, विखुरतो आणि रंग घेऊन बाहेर पडतो. गोऱ्या त्वचेत हा आतला उजेड इतका असतो की चेहऱ्याचा उंचसखलपणा त्यावरच कळतो. काळ्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तो शोषून घेतं. पण वरची चमक, समोरून पडलेल्या उजेडाच्या साधारण 3 टक्के, सगळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. म्हणजे आत्याचा चेहरा वाचायचा तो या चमकेवर. आणि माझं सगळं लक्ष आतल्या उजेडावर होतं, कारण शिकवण्या, तयार शेडर (पृष्ठभागावर उजेड कसा दिसेल ते ठरवणारे छोटे प्रोग्राम), नमुन्याचे चेहरे, सगळ्यांचा भर तिथेच असतो.

हा भर कुठून आला, तेही वाचलं. त्वचेतून विखुरणारा उजेड झटपट मोजायची पद्धत हेन्रिक वान जेन्सन आणि सहकाऱ्यांनी 2001 साली मांडली. त्यांच्या तक्त्यात त्वचा येते ती दूध आणि संगमरवराच्या पंक्तीत. गणित उत्तम आहे, मीही तेच वापरते. पण संगणकावर माणूस ‘खरा’ दिसणं म्हणजे त्वचेला आतून गुलाबी झाक येणं, हे समीकरण त्यानंतर पक्कं होत गेलं. येल विद्यापीठाचे थिओडोर किम यांनी 2020 साली यावर उघडपणे लिहिलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे फक्त माझ्या मॉनिटरपुरतं नाही.

वाट दाखवली ती गोरेगावच्या फिल्मसिटीत काम केलेल्या एका लाइटमनने. त्यांनी डेमो पाहिला आणि विचारलं, थर्माकोल कुठे लावलाय? शूटिंगला चेहऱ्यावर थेट दिवा न मारता बाजूला थर्माकोलचा मोठा पांढरा तुकडा धरतात, तो. माझ्या अंधाऱ्या गल्लीत परावर्तनासाठी काहीच नव्हतं, मग चमक येणार कुठून? मी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, फक्त प्रतिबिंबात दिसतील असे मोठे मंद पांढरे पृष्ठभाग उभे केले. चित्राचा उजेड आपोआप कमीजास्त करणारं ऑटो एक्स्पोजर बंद केलं, कारण काळा चेहरा जवळ आला की ते सगळं चित्र उजळ करायचं आणि चेहरा राखेसारखा व्हायचा. त्वचेतली तांबूस झाक कमी केली. आणि मावशी पावसात भिजलेली आहे, हे त्वचेलाही कळवलं: ओली त्वचा गुळगुळीत, म्हणून चमक नेमकी. तेव्हा गालाच्या हाडावर बसच्या दिव्याची पिवळी रेघ आली, आवळलेल्या ओठांची कड उमटली. मूळ रंगाचा आकडा तोच होता.

माझी मीच पूर्वी म्हणायचे की गेममध्ये उजेड वाढवायची सोयसुद्धा देणार नाही, ती त्या पट्टीचीच बहीण. आता सेटिंगमध्ये ती सोय आहे, कारण ज्यांना कमी दिसतं तेही खेळतात. ती सगळ्या दृश्याचा उजेड वाढवते, कातडीचा रंग नाही. हा फरक मला मोठा वाटतो. पूर्वीच्या मला तो पळवाट वाटला असता, आणि तिचं म्हणणं मी अजून पुरतं खोडू शकलेले नाही.

स्वस्त फोनवर दुपारच्या उन्हात चेहरा अजूनही हरवतो. डेमो खेळणारे पुष्कळ जण तो तसाच खेळतात, म्हणजे तुमची तक्रार तिथे कायम आहे. फोनसाठी संवादांच्या जागा मी बसच्या दिव्यांजवळ आणतेय. एक प्रसंग त्यामुळे बिघडला आहे, कारण तो अंधारातच घडायला हवा होता.

आत्याला नवीन डेमो दाखवला. ‘आता कळतंय सगळं,’ म्हणाली, आणि लगेच, ‘पण तो गोरा पण राहू दे कुठेतरी.’ ती फाइल मी ठेवली आहे. गेममध्ये घेणार नाही. आत्यासाठी का घेत नाहीस, असं विचारणार असाल, तर त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.