मोडीच्या छंदाची या सालची नोंद : इस्तावा, बट्टा आणि पहिला शोधनिबंध

मागच्या नोंदीत ज्या कौलाच्या, म्हणजे सरकारने रयतेला दिलेल्या लेखी कराराच्या, कागदांविषयी लिहिले होते, त्यांवरचा माझा शोधनिबंध एका त्रैमासिकाने स्वीकारला आहे. मानधन नाही, आणि तो वाचणारे लोक महाराष्ट्रात फार तर एका मध्यम सभागृहात मावतील. ‘मग यातून मिळाले काय?’ असा रास्त प्रश्न घरातून आला. मोडी ही जुन्या मराठी कागदांची लिपी शिकून लिप्यंतरापर्यंत, म्हणजे तो मजकूर देवनागरीत उतरवण्यापर्यंत, पोहोचलेले आणि तेथेच समाधान मानणारे आपल्यात बरेच आहेत. मीही अनेक वर्षे त्यांतलाच होतो. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर घरच्यांपेक्षा तुमच्यासाठी सविस्तर लिहितो.

लिप्यंतराचा आनंद मी कमी लेखत नाही. आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग तिच्याखाली बोरूने न थांबता लिहिलेला मजकूर, शब्दांमध्ये जागा नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, स्वरचिन्ह जोडताच बदलणारी अक्षराची रूपे, आणि या सगळ्यांतून अचानक एखाद्या गावाचे ओळखीचे नाव वर येणे, याची गोडी तुम्हाला वेगळी सांगायला नको. कालगणनेचेही तसेच आहे. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ या अरबी अंकशब्दांचा अर्थ एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात मराठेशाहीच्या कागदांत वापरला जाणारा शुहूर सन ११६१. मृग नक्षत्रापासून, म्हणजे हे साल सुरू होते तेव्हापासून, डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो, आणि १४ जानेवारी १७६१ची पानिपतची लढाई बरोबर त्याच सालात पडते. हे गणित पहिल्यांदा जुळले तेव्हा जे वाटले, त्याच्या बळावर पुढची कितीतरी वर्षे निघतात. परंतु लिप्यंतर करणारा माणूस कागदाच्या मागोमाग चालतो. कागद जे सांगेल ते तो लिहून घेतो आणि कागद संपला की थांबतो.

निबंध लिहायला घेतल्यावर ही चाल मोडली. विषय लहान होता. एका गावातील पड जमीन लागवडीस आणण्यासाठी सरकारातून रयतेला कौल दिला गेला. त्यात सारा इस्ताव्याने, म्हणजे पहिल्या साली नाममात्र आणि नंतर दर साली चढता, असा घ्यायचा ठरला आणि ठरलेली मुदत संपल्यावर पूर्ण धारा, म्हणजे नेहमीच्या दराचा सारा, सुरू व्हायचा होता. असे कौल पेशवाईच्या कागदपत्रांत जागोजाग आढळतात. दुष्काळाने किंवा फौजांच्या वावराने उजाड झालेला मुलूख पुन्हा वसवण्याचा तो रुळलेला मार्ग होता. कौलाचा कागद मी पूर्वीच वाचून ठेवला होता. त्याच गावाचे पुढच्या सालांचे ताळेबंदही वाचून ठेवले होते, पण निराळ्या वहीत. दोन्ही एका तक्त्यात समोरासमोर मांडण्याची वेळ आली ती केवळ निबंधाला एक कोष्टक हवे होते म्हणून.

कोष्टक तयार झाले आणि तिसऱ्या सालापासून आकडे जुळेनात. जमा झालेली रक्कम कौलात ठरलेल्या रकमेपेक्षा थोडी जास्त दिसत होती, आणि जास्तीचे हे प्रमाण दर साली वेगळे होते. सहज सुचणारे स्पष्टीकरण असे की कमाविसदाराने, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या सरकारी अंमलदाराने, कौल मोडून रयतेकडून अधिक वसूल केले. हे स्पष्टीकरण आकर्षक आहे, कारण त्यात एक खलनायक आयता मिळतो. परंतु शोधनिबंधात असे वाक्य लिहायचे तर त्याखाली तळटीप द्यावी लागते, आणि तळटिपेत घालण्यासारखे माझ्याजवळ काहीच नव्हते. तळटिपेचा हा जाच वाचकाच्या सोयीसाठी असतो अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तिचा पहिला लाभार्थी लिहिणारा असतो. एरवी मी ते वाक्य मनाशी ठरवून टाकले असते आणि पुढच्या कागदाकडे वळलो असतो.

उत्तर ताळेबंदाच्या खालच्या भागात, बारीक अक्षरांतल्या पोटकलमात होते. त्या काळी एकच रुपया सर्वत्र चालत नसे. पुण्याकडचा अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही असे अनेक शिक्के बाजारात होते, आणि ज्या नाण्यात सारा ठरला त्याखेरीज दुसऱ्या नाण्यात भरणा झाला तर फरकापोटी बट्टा घेतला जाई. माझ्या गावचा वाढीव आकडा हा त्या बट्ट्याचा होता. कौल शब्दशः पाळला गेला होता. बदलले होते ते रयतेच्या हातात येणारे नाणे. व्यवसायाने मी हिशेबनीस असल्यामुळे उभ्या रेघांनी दाखवलेल्या पावल्या बेरजेत धरून हा फरक पैपर्यंत मिळवताना मला जो आनंद झाला, तो वार्षिक ताळेबंद जुळल्याच्या आनंदापेक्षा निश्चितच शुद्ध होता, कारण येथे तो कोणी मागितला नव्हता.

या शोधाने इतिहासाची दिशा बदलणार नाही, हे मला ठाऊक आहे. एका गावच्या एका कौलाविषयी, आजवर छापून न आलेली, एक लहानशी खात्रीची गोष्ट मी सांगू शकतो, इतकेच. परंतु नोकरीत आणि व्यवहारात आपण दिवसभर जी विधाने करतो, त्यांतील किती विधानांचा आधार कोणी मागितला तर कागदासह दाखवता येईल? मला हे येथेच प्रथम करता आले आणि त्याचे समाधान मानधनाने भरून निघणारे नाही.

परीक्षकाच्या अभिप्रायाविषयीही लिहिले पाहिजे. नाव न कळवलेल्या त्या व्यक्तीने माझ्या निबंधाचे शेवटचे पान जवळजवळ सगळे तांबडे केले. एका गावाच्या पुराव्यावरून सगळ्या परगण्याविषयी बोलू नये, बट्ट्याचा दर इतर गावांच्या कागदांतून पडताळावा, आणि अनुमान तेथे अनुमानच म्हणावे, असे त्यांचे म्हणणे होते. दोन दिवस राग होता. नंतर लक्षात आले की माझा मजकूर इतक्या काळजीने आजवर दुसऱ्या कोणीही वाचलेला नाही. ज्याला आपल्या कामाचे कौतुक करण्याची काही गरज नाही, अशा अनोळखी जाणकाराचे पूर्ण लक्ष मिळणे ही छंदाच्या जगात दुर्मिळ गोष्ट आहे.

आपल्याकडे हे काम विद्यापीठाबाहेरच्या लोकांनी पूर्वीपासून केले आहे, हे येथे सांगणे अप्रस्तुत ठरू नये. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत आणि पटवर्धन सरदारांच्या दप्तरातील पत्रे छापत. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादणारे गो. स. सरदेसाई त्याआधी बडोद्यात गायकवाडांच्या नोकरीत होते. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तो कोणत्याही विद्यापीठाच्या आश्रयावाचून, आणि पुण्यात ७ जुलै १९१० रोजी भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले तेही अशाच उत्साहातून. त्यांच्या पंक्तीला बसण्याचा आव मी आणत नाही. फक्त कचेरी सुटल्यावर जुन्या कागदांचे रुमाल, म्हणजे गाठोडी, सोडून बसणाऱ्याने स्वतःला उपरा समजू नये, इतकेच म्हणतो.

किंमतही मोजावी लागली. रविवार गेले, चष्म्याचा नंबर वाढला, आणि नवे लिप्यंतर या साली जवळजवळ झाले नाही.

पुढचे काम परीक्षकानेच नेमून दिले आहे. त्याच परगण्यातील शेजारच्या गावांचे ताळेबंद काढून अंकुशी आणि चांदवडी रुपयांमधील बट्ट्याचा दर सालवार मांडायचा आहे, निदान सबैनच्या, म्हणजे शुहूर सनातील सत्तरच्या, दशकापुरता. तुमच्यापैकी कोणाच्या वाचनात १७६९ ते १७७९ या काळातील बट्ट्याच्या नोंदी आल्या असतील, तर साल, नाण्याचे नाव आणि कागदाचा दप्तर क्रमांक कळवावा. दर वाचता आला नसेल तरी चालेल. कलमाचे स्वच्छ छायाचित्र पाठवावे, बेरीज मी करून पाहीन आणि निबंधात श्रेय तळटिपेत नावानिशी देईन.