गोंदात अडकलेल्या सरड्याचे पाच दिवस

अडगळीच्या खोलीत उंदरांसाठी ठेवलेल्या ग्लू पॅडवर एके सकाळी उंदराऐवजी सरडा चिकटलेला आढळला. त्याचे पोट, उजवीकडचे दोन्ही पाय आणि निम्मी शेपटी गोंदात रुतली होती, आणि मी वाकून पाहिले तेव्हा त्याने एकदा डोळा उघडून पुन्हा मिटला, एवढीच काय ती जिवंतपणाची खूण होती. ते पॅड मीच ठेवले होते, त्यामुळे दोष द्यायला दुसरे कोणी नव्हते.

ओढून काढण्याचा मोह झाला, पण हात लावण्यापूर्वी वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना फोन केला, हे बरे झाले. ओढल्यास पोटाची नाजूक कातडी गोंदालाच राहते, असे त्यांनी बजावले. शिवाय पाल जशी संकटात शेपटी टाकून देते आणि तिला नवी फुटते, तशी सोय बागेतल्या या सरड्याला नसते. त्यांनी सांगितल्याप्रमाणे प्रथम पॅडचा मोकळा भाग कागदाने झाकला, कारण सुटलेला पाय पुन्हा तिथेच चिकटण्याची भीती होती. मग कापसाच्या काडीने, नाक आणि तोंड टाळून, गोंदाच्या कडेकडेने साधे खाद्यतेल लावत गेलो. तेल मुरले की गोंद पांढरट होऊन दोऱ्यासारखा सुटू लागतो. पोट लवकर मोकळे झाले. खरी परीक्षा बोटांची होती, कारण सरड्याची बोटे लांब आणि काडीसारखी बारीक असतात व प्रत्येक नखी स्वतंत्रपणे सोडवावी लागते. पाऊण तास गेला आणि मागच्या पायाची एक नखी पॅडवरच राहिली. शेवटी सौम्य साबणाचे दोन थेंब टाकलेल्या कोमट पाण्याने तेल पुसून, साध्या पाण्याने अंग धुऊन त्याला कोरडे केले.

झाकणाला भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या खोक्यात कोरा कागद अंथरून आणि चढायला एक वाळकी फांदी ठेवून त्याची तात्पुरती सोय केली. यापुढच्या दोन चुका मात्र माझ्या घाईमुळे झाल्या. पहिली अशी, की उपाशी असेल म्हणून मी लगेच नाकतोडा पकडून आणला. सरड्याला आपल्यासारखी शरीरातून ऊब तयार करता येत नाही; ती बाहेरून मिळाल्याशिवाय त्याचे पचन चालत नाही आणि गार शरीरात गेलेले अन्न पोटातच कुजू शकते. आधी ऊब, मग पाणी आणि त्यानंतर अन्न, हा क्रम पशुवैद्यांनी मला दोनदा म्हणून दाखवायला लावला. दुसरी चूक अधिक गंभीर होती: ऊब द्यायची म्हणून मी बंद खोके खिडकीतल्या उन्हात ठेवले. दहा मिनिटांनी पाहतो तर सरडा एका कोपऱ्यात तोंड वासून बसलेला. बंद खोक्यात ऊन कोंडले की तापमान झपाट्याने चढते आणि पळायला सावली नसेल तर प्राणी उष्णतेनेच मरतो. नशिबाने तो वाचला.

त्यानंतर खोक्याच्या एका टोकाला बाहेरून दिवा लावून आत दोन थर्मामीटर ठेवले. दिव्याकडे ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २६ राहील असे अंतर ठरवले, म्हणजे कुठे बसायचे ते त्याचे त्याला निवडता यावे. रात्री दिवा बंद. तीन बाजूंनी कापड लावले, कारण माणसाची प्रत्येक हालचाल त्याला शिकाऱ्याचीच वाटते. वाटीतल्या पाण्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही, परंतु फांदीच्या पानांवर पाणी फवारताच जीभ बाहेर काढून थेंब टिपू लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोल गेलेले डोळे भरून आले आणि कुशीवरच्या सुरकुत्या ओसरल्या.

तिसऱ्या दिवशी लहान रातकिडा सोडला. भक्ष्य सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नसावे, असे माप मला सांगितले होते. बराच वेळ काही घडले नाही; मग मान तिरकी झाली, एक झेप बसली आणि रातकिड्याचे फक्त मागचे पाय ओठांबाहेर दिसले. कीटकनाशक मारलेल्या जागेतले किडे टाळले आणि काजवे तर नाहीच नाही, कारण काजव्यांच्या काही जातींचे विष सरड्यांना घातक ठरते. खोके साफ केल्यावर दर वेळी साबणाने हात धुतले, कारण निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतही साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. घरच्यांनी त्याला नाव ठेवायचे ठरवले होते. मी ठेवू दिले नाही.

पाचव्या दिवशी तो फांदीवर सरसर चढत होता आणि हात आत जाताच चावायला धावला, तेव्हा पशुवैद्यांनी सोडण्यास होकार दिला. ऊन तापू लागल्यावर अडगळीच्या खोलीमागच्या कुंपणापाशी खोके आडवे करून मी दूर उभा राहिलो. तो लगेच पळाला नाही. कुंपणाच्या वेलीवर अंग पसरून, काळपट पाठ उन्हाकडे करून बसला. वीसेक मिनिटांत पाठीचा रंग उजळून पिवळसर तपकिरी झाला, त्याने दोनदा पुढचे पाय ताणून अंग वरखाली केले आणि नखी गेलेला पाय किंचित अडखळवत तो पानांआड शिरला.