आमची वाटचाल : इन्व्हर्टरच्या आकड्यांचा माग

दिवे, पंखे आणि पाण्याचे पंप स्वयंचलित करून देणे एवढेच आमच्या व्यवसायाचे मूळ स्वरूप होते. ग्राहकांच्या छपरांवर सौर पॅनेल आली आणि ‘भरपूर ऊन असेल तेव्हाच गीझर चालू करता येईल का’ अशी विचारणा होऊ लागली, तेव्हा पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरचे आकडे आमच्या यंत्रणेत आणणे भाग पडले.

उत्पादकाचे मोबाइल ॲप हा पहिला पर्याय होता. महिन्याची वीजनिर्मिती पाहण्यासाठी ते पुरेसे असते. परंतु त्यातील माहिती आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि बहुधा काही मिनिटांच्या अंतराने ताजी होते. ढग येऊन निर्मिती घसरली, तर ती कळेपर्यंत गीझर ग्रिडची वीज ओढत राहतो. इंटरनेट बंद पडले, तर तीही सोय उरत नाही.

म्हणून आम्ही आरएस-४८५ या जोडणीच्या दोन तारांवरून, मॉडबस या यंत्रांमधील संवादाच्या पद्धतीने, इन्व्हर्टरचे थेट वाचन करू लागलो. खरे काम इथेच आहे. मॉडबसचे रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवण्याचा कप्पा, १६ बिटांचे असते. त्यात २३०५ दिसले, तर दशांशाचा गुणक लावून ते २३०.५ व्होल्ट असे वाचावे लागते, आणि बॅटरीची शक्ती उणे ५०० वॅट असताना चिन्हाचा विचार न करणारे सॉफ्टवेअर ६५,०३६ दाखवते. शिवाय या तारांवर विचारणा करणारा एकच असावा लागतो. कंपनीचा डेटा लॉगर (आकडे नोंदवणारे उपकरण) त्याच तारांवर विचारणा करत असेल, तर उत्तरे एकमेकांत मिसळतात. सनस्पेक हे सौर उपकरणांसाठीचे सामाईक मानक पाळणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये रजिस्टरांची मांडणी ठरलेली असल्याने आकड्यांचा अर्थ लावण्याचा त्रास बराच कमी होतो.

सॉफ्टवेअर निवडताना ओपनहॅब आणि होम असिस्टंट या घर स्वयंचलित करणाऱ्या दोन्ही मुक्तस्रोत प्रणाली आम्ही वापरून पाहिल्या. ओपनहॅब भक्कम आहे, याबद्दल आमचे दुमत नाही. तरीही होम असिस्टंटमध्ये २०२१ साली ऊर्जेचा स्वतंत्र फलक आल्यावर आमचा कल तिकडे झुकला, कारण निर्मिती, वापर आणि ग्रिडला दिलेली वीज हा हिशेब ग्राहकाला आमच्याशिवाय समजू लागला. त्यात तपशीलवार नोंदी मूळ मांडणीनुसार १० दिवसच राहतात. तासागणिक आकडेवारी मात्र टिकते. बहुतेक घरांना तेवढे पुरते, ग्राफाना या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा हौशी पसारा आम्ही आग्रहाने सुचवत नाही.

वाचन करणारा छोटा प्रोग्रॅम आम्ही वेगळा ठेवतो आणि तो एमक्यूटीटी या संदेश पाठवण्याच्या पद्धतीद्वारे आकडे पुढे पाठवतो. त्यामुळे उद्या इन्व्हर्टर बदलला, तरी ग्राहकाने बसवलेले नियम तसेच चालू राहतात. हा प्रोग्रॅम केवळ वाचतो. बॅटरीच्या चार्जिंगची मर्यादा बदलणारी रजिस्टरे ग्राहकाने लेखी मागणी केल्याशिवाय आम्ही उघडत नाही, आणि नव्या कामाचा अंदाज देण्यापूर्वी त्या मॉडेलचा रजिस्टर-तक्ता हाती असावा, असा आमचा आग्रह असतो.