आडवी झाली तर?

“बोट आडवी झाली तर ही बॅटरी कुठे जाईल?”

लांबच्या सफरीसाठी माझी शिडाची बोट तयार केली होती. नवा चार्टप्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा), सौर पॅनल, धुतलेली शिडं, कशाकडेही शेजारच्या बोटीवरच्या काकांनी बघितलं नाही. खाली उतरले, तळाची फळी उचलली आणि थेट हा प्रश्न. बॅटरीचा पट्टा दोन बोटांत धरून ओढला. स्क्रू लाकडातून अलगद बाहेर!

मग एकेक ठिकाणी हात घालत गेले. फळ्यांना खिट्ट्या हव्यात. तळाच्या प्रत्येक कॉकपाशी (समुद्राचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या तोटीपाशी) एक लाकडी बूच दोरीने बांधलेलं हवं, कॉक तुटला तर भोकात ठोकायला. डिझेल फिल्टर तर डझनभर घ्या म्हणाले. टाकीच्या तळाशी बसलेला गाळ धक्क्याला असताना गप्प असतो. लाटांत ढवळून निघाला की फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमकं नको तेव्हा बंद पडतं.

लांबच्या सफरीची तयारी म्हटली की आपण काय काय भरायचं याच्या याद्या करतो. आहे ते जागच्या जागी राहील का, हे कोण बघतं? (नव्या गाद्यांवर मात्र काका ओल्या बुटांनिशी बसले. असो.)

लांब पल्ला मारलेल्यांनो, निघण्याआधी तुम्ही काय काय बांधून घेता?