पीडीएफ तर नीट दिसतेय, मॅडम!

रेझ्युमे पाठवण्याआधी त्यातला सगळा मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. मला हे तिसऱ्या खेपेला सुचलं, म्हणून आधीच सांगते.

अनुवादकाची जागा होती, रेझ्युमे मराठीत मागितला होता. मजकूर एका संध्याकाळी झाला. इतकी वर्षं मुद्रितशोधन केल्यामुळे सवयीने जुना डीटीपीचा फाँट घेतला. पीडीएफ इतकी देखणी झाली की नवऱ्याला बोलावून दाखवली.

पोर्टलवर फाइल चढवली आणि फॉर्म आपोआप भरला. नावाच्या चौकटीत डॉलर, डोक्यावर टोपी घातलेला ए आणि दोन कंस. शिक्षणाच्या चौकटीतही तीच जत्रा. हाताने सगळं दुरुस्त केलं, 'सेव्ह' दाबलं, परत डॉलर! हेल्पडेस्कला मेल केली. चार दिवसांनी उत्तर आलं: 'कृपया फाइल पुन्हा अपलोड करावी.' केली. पुन्हा तेच. शेवटी फोन लावला, तर पलीकडचा मुलगा म्हणतो, "पीडीएफ तर नीट दिसतेय, मॅडम!" दिसतेच आहे रे बाबा, पण तुझ्या मशीनला वाचता कुठे येतेय?

भानगड अशी, की श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत पडद्यावर मराठी उमटतं, पण फाइलीत साठतात ती रोमन अक्षरांची कोडं. फाँट बाजूला केला की डॉलर उघडे पडतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या सामाईक पद्धतीत, 'क' हा 'क' म्हणूनच साठतो.

मग जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरला. 'कार्यानुभव'मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. मुद्रितशोधकाच्या रेझ्युमेत! सगळा मजकूर ओळ न् ओळ वाचून काढला, निर्मला हा युनिकोड फाँट लावला, पीडीएफ केली. आता नोटपॅडमध्ये ह्रस्व वेलांट्या जागा सोडून पळालेल्या. शिवाय दोन रकाने केले होते, त्यामुळे फोन नंबर अनुभवाच्या मधोमध घुसलेला. रकाने मोडले, पीडीएफचा नाद सोडला आणि वर्डची फाइल तशीच चढवली. पोर्टलने एका दमात घेतली!

हो, आणि दोन्ही कडा सरळ करायचा मोह टाळा. आपले शब्द लांब, ओळीत खिंडारं पडतात. अक्षरांचा आकार इंग्रजीसाठी ११ ठेवलात तर मराठीसाठी १३ घ्या, नाहीतर उकार दिसत नाहीत.

पंधरा दिवसांनी मुलाखतीला बोलावलं. समोरच्या बाईंच्या हातात माझ्या रेझ्युमेची छापील प्रत होती. पहिल्या पीडीएफची.