वाऱ्याची वाट पाहणारे बंदर

मागच्या आठवड्यात नागपूरच्या इतवारीतल्या किराणा ओळीत सावजी मसाल्याचे सामान घ्यायला गेलो आणि पावसाने गाठले. दुकानदाराने स्टूल पुढे सरकवले, चहा सांगितला, आणि रिकामा वेळ म्हणून कवचासकट असलेले एक जायफळ माझ्या हातावर ठेवले. ते हलवले की आतली बी खुळखुळते. कवचावर जाळीसारख्या रेघांचे ठसे होते. ओल्या फळात तिथे लाल जायपत्री घट्ट बिलगलेली असते आणि वाळल्यावर तीच पिवळसर नारिंगी होते. आमचे घराणे कोष्ट्यांचे. कापड विणणाऱ्यांच्या रश्श्यात हे फळ पडावे, याचे मला त्या दिवशी प्रथमच नवल वाटले, कारण एके काळी या फळाची किंमत खरोखरच कापडात मोजली जात असे.

जायफळ पूर्वी जगात फक्त आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर होत असे आणि लवंग तिथल्याच उत्तर मालुकूच्या तेर्नाते, तिदोरे यांसारख्या चिमुकल्या बेटांवर. गुजरातच्या व्यापाऱ्याला तिथवर जाऊन एका मोसमात परतणे शक्य नव्हते. नैर्ऋत्य मोसमी वारा त्याला पूर्वेकडे नेई, पण ईशान्येचा वारा सुटेपर्यंत परतीचा मार्ग बंद असे. चीनच्या जहाजांची अडचण नेमकी उलटी होती. दोघांच्या मध्ये, सुमात्रा आणि मलाया यांच्यामधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत, पालेंबांगहून परागंदा झालेल्या परमेश्वर नावाच्या राजपुत्राने इ. स. 1400 च्या सुमारास मलाक्का वसवले. तिथे ना लवंग पिकत होती ना जायफळ. पोटापुरता तांदूळसुद्धा जावा, सयाम (थायलंड) आणि ब्रह्मदेशातल्या पेगूहून येई. माझ्या मते या राज्याने खऱ्या अर्थाने एकच गोष्ट विकली, ती म्हणजे थांबण्याची सोय.

ही सोय मोठ्या काळजीने उभारलेली होती. बंदरावर चार शहाबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमलेले असत. एक केवळ गुजरात्यांसाठी, दुसरा तमिळ, बंगाल, पेगू आणि सुमात्रातल्या पासईच्या लोकांसाठी, तिसरा जावा, मालुकू, बांदा, बोर्निओ यांच्याकरिता, तर चौथा चीन, र्‍युक्यू (आज जपानमधली बेटे) आणि चंपाच्या (आजच्या व्हिएतनाममधले राज्य) व्यापाऱ्यांकरिता. जहाज लागले की नाखुद्याला, म्हणजे जहाजाच्या कप्तानाला, बेंदाहाराकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य प्रधानाकडे, नेणे, वखार नेमून देणे, माल हलवण्यासाठी हत्तींची व्यवस्था करणे ही शहाबंदराची कामे. पश्चिमेकडच्या मालावर शेकडा 6 जकात पडे. पूर्वेकडच्यांना ती माफ होती, पण नजराणा चुकत नसे. तोमे पिरेस हा पोर्तुगीज औषधविक्रेता, पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकल्यानंतर, काही वर्षे तिथे राहिला होता. तो लिहितो की, पाच-पन्नास ठिकाणी घासाघीस करत बसण्यापेक्षा दहा-वीस व्यापारी एकत्र येऊन जहाजावरच्या संपूर्ण मालाचा भाव ठरवत आणि मग तो आपसांत वाटून घेत. कळमन्याच्या बाजारात लिलाव पाहिलेल्या नागपूरकराला यात परके असे काही वाटू नये. त्याच पिरेसने या शहरात 84 भाषा मोजल्या होत्या.

शब्दांकडे पाहिले तरी ही वर्दळ दिसते. मलय भाषेतला नाखोदा आणि आपल्या कोळ्यांचा नाखवा एकाच फारसी शब्दाची लेकरे आहेत. सौदागर आणि बंदर तर दोन्हीकडे जसेच्या तसे आहेत. बेंदाहारा हा शब्द म्हणजे आपले भांडागार, आणि आरमाराच्या प्रमुखाला ते लोक लक्षमाना म्हणत, म्हणजे चक्क लक्ष्मण.

त्या काळी नागपूरचे लुगडे मलाक्क्याला जात होते, असा दावा मी करणार नाही. हे राज्य बुडाले तेव्हा बख्त बुलंद शहाने नागपूर वसवायला जवळजवळ दोनशे वर्षे बाकी होती. तिथे जाणारे कापड मुख्यतः गुजरातचे आणि चोळमंडलचे. परंतु गुजरातचे बंदर खंबायत आणि मलाक्का एकमेकांवाचून जगू शकत नाहीत, असे पिरेसने म्हटले ते याच देवघेवीमुळे. मागावरचे सूत आणि बांदा बेटांवरचे फळ यांचा तराजू या बंदरात लागत असे.

ऑगस्ट 1511 मध्ये आफोंसो द आल्बुकर्कने मलाक्का घेतले. सुलतान महमूद पळाला आणि पुढे त्याच्या वंशाने जोहोरला राज्य केले. पोर्तुगीजांनी दगडी किल्ला बांधला, तोफा रोखल्या आणि जहाजांना परवाने घ्यायला लावले. वारे पूर्वीच्याच वेळी सुटत राहिले. गुजराती मुसलमान व्यापाऱ्यांनी मात्र आपले मुक्काम हळूहळू सुमात्राच्या उत्तर टोकाला, आचेला हलवले आणि तिथून तांबड्या समुद्राकडे मिरी पाठवू लागले. सामुद्रधुनीतून जाण्याची त्यांना गरजच उरली नाही.