सकाळी ऐकलेली चाल

क्लॅरिनेट म्हटलं की मला वरातीचा बँड आठवतो. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, घोड्यावर अवघडून बसलेला नवरदेव आणि सगळ्या गोंगाटाच्या वर चढलेलं ते काळं वाद्य. हेच वाद्य अमेरिकेत, रात्री नऊच्या सुमारास, ओल्या चादरीवर बसलेल्या मला रडवेल असं कुणी म्हटलं असतं, तर त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

लेक बोस्टनजवळ राहते. तिथून गाडीने अडीच तासांवर, मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला बर्कशर्स नावाचा डोंगराळ भाग आहे. जूनच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत तिथे कलेचा नुसता हंगाम असतो, आपल्याकडे आंब्याचा असतो तसा. संगीत, नाच, नाटकं, चित्रं, शिल्पं, सगळं पिकतं ते त्याच दोन महिन्यांत. जावयांनी एक्सेल शीट केली होती. तीन दिवस, सात ठिकाणं, मधे 'लंच (२५ मिनिटं)' असा रकाना. मोटेलवाला तीन रात्रींशिवाय खोली द्यायला तयार नव्हता. एका रात्रीचे २८० डॉलर, आणि त्यात खिडकीतून दिसतो तो पेट्रोल पंप. मी मनातल्या मनात रुपये केले आणि त्यानंतर त्या खोलीतला साबणसुद्धा सोडला नाही.

पहिला दिवस स्टॉकब्रिजमध्ये गेला. नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराच्या संग्रहालयात ह्यांनी त्याची 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या मासिकाची ३२३ मुखपृष्ठं एकूण एक पाहिली. मी बाकावर बसून पाहणाऱ्यांना पाहिलं.

चेस्टरवुड मात्र लक्षात राहिलं. वॉशिंग्टनच्या स्मारकात खुर्चीवर बसलेला लिंकन आहे ना, त्याचा शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच. हे त्याचं उन्हाळ्याचं घर. स्टुडिओत चक्क रेल्वेचे रूळ टाकलेत. पुतळे उघड्यावर उभे राहणार, मग ते आतल्या उजेडात कसे पारखायचे? म्हणून पुतळा गाड्यावर चढवायचा, अवाढव्य दारं उघडायची आणि ढकलत बाहेर उन्हात न्यायचा. देव पालखीत बसून गाभाऱ्याबाहेर येतो तसा. एवढी काळजी घेतलेल्या माणसाचा लिंकन शेवटी स्मारकाच्या आत बसला, आणि बाहेरच्या फरशीवरून परावर्तित झालेला उजेड खालून तोंडावर पडून भलताच दिसायला लागला. वरून दिवे लावून घेईपर्यंत फ्रेंचला चैन नव्हतं. बिचारा.

दुसऱ्या दिवशी जेकब्ज पिलो, नाचाचं ठिकाण. टेड शॉन या अमेरिकन नर्तकाने हे डोंगरातलं शेत घेतलं आणि १९३३ मध्ये इथे फक्त पुरुष नर्तकांचा संच उभा केला. लाकडं तोडायची, दगड वाहायचे, घरं बांधायची आणि नाचायचं! शॉन १९२६ मध्ये आपल्या डेनिशॉन या नृत्य कंपनीबरोबर भारतात येऊन गेला होता. आणि १९६२ मध्ये आपल्या भरतनाट्यमच्या बालसरस्वती इथे नाचल्या होत्या, हे कळल्यावर मी उगाचच ताठ बसले, जणू मीच त्यांच्याबरोबर आले होते. उघड्या रंगमंचाला मागे पडदा नाही, थेट डोंगर. नाच चांगलाच असणार, पण माझं अर्धं लक्ष डोंगरावरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्यांकडे होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॅन्कॉकचं शेकर गाव. शीटमध्ये याला दीड तास होता. 'वाटेत आहे म्हणून टाकलंय, कंटाळा आला तर लवकर निघू,' असं लेक म्हणाली होती.

शेकर हा ख्रिस्ती लोकांतला एक पंथ. अ‍ॅन ली नावाची बाई १७७४ मध्ये इंग्लंडहून मूठभर माणसं घेऊन अमेरिकेत आली. सगळं सामाईक, बाई-पुरुष बरोबरीचे, आणि ब्रह्मचर्य. प्रार्थना करताना गाताना-नाचताना अंग थरथरायचं म्हणून लोकांनी चिडवून 'शेकर' म्हटलं, ते नाव चिकटलं. इथली विटांची मोठी वास्तू १८३०ची, जवळजवळ शंभर माणसं राहायची, आणि बायकांचे-पुरुषांचे जिने वेगळे. १८२६चा दगडी गोठा तर गोल आहे. गवताची गाडी वरच्या मजल्यावर आत शिरते, गोल फिरत मधल्या खड्ड्यात गवत टाकते आणि आल्या दारानेच बाहेर पडते, बैल मागे घ्यायची भानगडच नाही. खाली बावन्न गाई मधल्या गवताकडे तोंड करून उभ्या. भिंतीवर सगळीकडे लाकडी खुंट्या आणि त्यांवर खुर्च्या उलट्या टांगलेल्या, बसायच्या जागेवर धूळ नको म्हणून. माझ्या सासूबाईंना हे गाव फार आवडलं असतं. त्या पाट असेच उलटे ठेवायच्या.

पोरंबाळं नाहीत, तर पंथ वाढणार कसा? बाहेरून माणसं यायची, अनाथ मुलं सांभाळायचे, पुढे तेही आटलं. हॅन्कॉकचं गाव १९६० मध्ये बंद झालं. आता मेन राज्यात बोटांवर मोजण्याइतके शेकर उरलेत.

तिथल्या एका खोलीत एप्रन बांधलेल्या बाईंनी आम्हा दहा-बारा जणांना उभं केलं आणि एक गाणं म्हटलं. साथ नाही, माइक नाही. साधं असणं हे देणं आहे, अशा अर्थाचं काहीतरी, आणि शेवटी वळा, वळा, वळता वळता आपण नीट जागी येऊ. गाणं १८४८चं, नाचायचं. आम्हालाही त्यांनी वळायला लावलं. माझा गुडघा कुरकुरला, पण कान टवकारले होते. चाल मंद्र पंचमातून उठून षड्जावर येते, सगळे शुद्ध स्वर, मधल्या पंचमाच्या वर जायचं नाव नाही. बिलावलच म्हणा. आमच्या भजनी मंडळातल्या बेसूर बायकासुद्धा पहिल्या फटक्यात म्हणतील इतकी सोपी चाल. मी गोठ्यात गुणगुणत होते, गाडीतही गुणगुणत होते. 'आई, पुरे गं,' लेक म्हणाली तेव्हा दीड तासाचे तीन झाले होते.

संध्याकाळी टँगलवुड. बोस्टन सिम्फनी या ऑर्केस्ट्राचं उन्हाळ्याचं घर. १९३७ मध्ये ऐन कार्यक्रमात वादळ झालं, सगळे भिजले, आणि पुढच्या वर्षी छप्पर उभं राहिलं. सारिनेन नावाच्या मोठ्या वास्तुविशारदाने सुरेख आराखडा केला, पण पैसे पुरेनात. तेवढ्या पैशांत नुसती शेड होईल, असं तो वैतागून म्हणाला. गावातल्या एका इंजिनिअरने आराखडा काटून-छाटून तेवढ्यातच बसवला, आणि नाव पडलं तेही शेड. मी पत्र्याची शेड डोळ्यांसमोर आणून गेले होते. पाच हजार माणसं बसतात हो त्या शेडमध्ये. त्याच इंजिनिअरने पुढे पिलोचं नाट्यगृहही बांधलं.

आमची तिकिटं बाहेरच्या हिरवळीची. शेजारी घडीचं टेबल, पांढरा टेबलक्लॉथ, मेणबत्त्यांचं झुंबर, चीज, द्राक्षं. आमच्याकडे मोटेलमधून निघताना विसरलेल्या चटईऐवजी जुनी चादर, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. सात वाजता भुरभुर पाऊस आला आणि गेला, चादर तेवढी ओली राहिली. डासांना प्रवेश फुकट होता. सवाई गंधर्वला भारतीय बैठकीत मांडी घालून रात्री काढलेली बाई मी, पण त्या ओलाव्याने माझा सगळा रसिकपणा गेला. पहिली अर्धी मैफल, खरं सांगते, मी पेंगले.

मग ॲरन कोपलंड नावाच्या अमेरिकन संगीतकाराचं काहीतरी सुरू झालं. मी डोळे मिटून होते. बराच वेळ नुसते ढगांसारखे सूर. आणि एकदम सगळं शांत होऊन एकटं क्लॅरिनेट उठलं. मंद्र पंचमातून षड्जावर.

'अगं, सकाळची!' मी ओरडलेच. लेकीने हाताला चिमटा काढला. शेजारच्या झुंबरवाल्या बाईंनी मान वळवून असं पाहिलं की मी पदर नसलेल्या कुडत्याचा पदर शोधला. पण चाल सोडेना. दुसऱ्या वाद्याने उचलली, मग संथ झाली, मग ट्रम्पेटनी घेतली, शेवटी सगळा ऑर्केस्ट्रा तेच म्हणायला लागला. वळा, वळा. ती चाल ज्यांची, त्यांना आपलं म्हणायला पोर नाही, गाव बंद, खुर्च्या उलट्या टांगलेल्या, आणि इथे अंधारात हजारो माणसं गप्प बसून त्यांचं गाणं ऐकतायत. मला काही सुचेना. ह्यांनी न बोलता रुमाल दिला, तोही ओलाच होता.

जावयांनी नंतर सांगितलं, हे संगीत कोपलंडने मार्था ग्रॅहॅमच्या नृत्यासाठी केलं, १९४४ मध्ये वॉशिंग्टनला पहिला प्रयोग झाला. आणि ग्रॅहॅम शिकली कुठे, तर टेड शॉनच्याच डेनिशॉनमध्ये. आदल्या दिवशी सावल्यांकडे पाहत बसले म्हणून मला जरा लाज वाटली.

उठताना झुंबरवाल्या बाई जवळ आल्या. आता ओरडणार, म्हणून मी आधीच 'सॉरी' म्हटलं. त्यांनी चीज पुढे केलं आणि काय झालं होतं ते विचारलं. लेकीने सांगितलं. बाई म्हणाल्या, पंचवीस वर्षं येतेय इथे, ते शेकर गाव काही पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, मी तरी चाळीस वर्षं पुण्यात राहून आगाखान पॅलेस कुठे पाहिलाय? पुरी खाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते चटणीमुळे.

पुण्याला परतल्यावर पहिल्याच गुरुवारी मंडळात पेटी पुढे ओढली आणि ती चाल वाजवली. 'कुणाचा गं अभंग हा?' असं एकीने विचारलं. मी उत्तर शोधेपर्यंत तबलेवाल्या काकांनी केरवा धरलासुद्धा होता.